मदत हवी आहे: १९९५ च्या उदयोन्मुख राष्ट्रांच्या रग्बी लीग स्पर्धेचे साहित्य

सर्व सदस्यांस नमस्कार.

ऑक्टोबर १९९५ मध्ये इंग्लंडमध्ये रग्बी लीगचा (प्रत्येकी तेरा खेळाडूंच्या संघांनी खेळल्या जाणाऱ्या रग्बीचा) शताब्दी विश्वचषक सुरू असताना, त्याच्याच जोडीने उदयोन्मुख राष्ट्रांची एक छोटी स्पर्धा भरली होती. तिच्यावर मी सविस्तर मराठी लेख लिहीत आहे. कुक आयलंड्स, आयर्लंड, स्कॉटलंड, रशिया, अमेरिका, मोल्दोव्हा आणि मोरोक्को असे सात संघ तीत उतरले होते. बरी गावातील गिग लेन मैदानावरच्या अंतिम सामन्यात कुक आयलंड्सने आयर्लंडला २२-६ असे नमवले. ज्या बेटांची लोकसंख्या वीस हजारांच्याही आत आहे, त्यांच्या तेरा खेळाडूंनी मिळवलेला हा विजय मला वेम्बलीवरील मुख्य अंतिम सामन्याइतकाच मोलाचा वाटतो. यातले कुक आयलंड्स, आयर्लंड, स्कॉटलंड आणि रशिया हे चार संघ पुढे २००० च्या विश्वचषकात खेळले, म्हणूनही या स्पर्धेची नोंद नीट व्हायला हवी.

मला प्रामुख्याने मोल्दोव्हा आणि मोरोक्को यांच्या खेळाडूंच्या संपूर्ण याद्या, सामन्यांच्या छापील पुस्तिका आणि तत्कालीन स्थानिक वृत्तपत्रांतील वृत्तान्त हवे आहेत. आयर्लंड व स्कॉटलंडच्या संघांत मायदेशी घडलेले खेळाडू किती आणि केवळ आजी-आजोबांच्या नात्याने पात्र ठरलेले किती, हेही अशा पुस्तिका व वृत्तान्तांवरून पडताळता येईल. मँचेस्टर, बरी किंवा हडर्सफील्ड परिसरात राहणाऱ्या कोणा सदस्याला तेथील ग्रंथालयात जुने अंक पाहणे शक्य आहे का? छायाप्रतींचा खर्च मी आनंदाने देईन.