चॅलेंज कपच्या रिकाम्या खुर्च्या : प्रेक्षकाने पाठ फिरवली की क्लबांनी?

वेकफील्डकर
गेल्या आठवड्यात 'स्पष्टवक्ता' यांनी येथे लिहिले की रग्बी लीगचा (तेरा खेळाडूंच्या रग्बीचा) चॅलेंज कप, ही जुनी बाद पद्धतीची स्पर्धा, आता सन्मानाने बंद करावी, कारण उपांत्यपूर्व फेरीचे सामनेसुद्धा अर्ध्या रिकाम्या स्टँडसमोर होतात आणि जे अजून तिला कवटाळून बसले आहेत ते म्हाताऱ्यांच्या आठवणींवर जगत आहेत. मी उत्तर देणार नव्हतो. परंतु 'उत्तर इंग्लंडच्या प्रेक्षकाला कपाचे आता सोयरसुतक उरलेले नाही' हे वाक्य वाचून राहवले नाही. प्रेक्षकाला सोयरसुतक आहे. नसेल तर ते क्लबांना नाही.

साधी गोष्ट पाहा. ज्या मैदानावर सुपर लीगच्या, म्हणजे सर्वोच्च साखळी स्पर्धेच्या, सामन्याला उभे राहायला जागा नसते, त्याच मैदानावर पंधरवड्याने कपाच्या सामन्याला एक अख्खा स्टँड कुलूपबंद असतो. त्या पंधरवड्यात गावाचे प्रेम आटलेले नसते. सीझन तिकिटात कपाचे सामने सहसा धरलेले नसतात, एवढेच. ज्याने हिवाळ्यातच वर्षाचे पैसे भरले, त्याला त्याच खुर्चीसाठी पुन्हा खिशात हात घालावा लागतो, आणि तोही कोणाची गाठ कोणाशी याची सोडत निघाल्यावर थोडक्या दिवसांच्या मुदतीत, टीव्हीवाल्यांनी वार आणि वेळ ठरवून दिल्यावर. त्यातून कपाच्या सामन्याचे उत्पन्न दोन्ही क्लबांत वाटले जाते. त्यामुळे यजमानाला दर उतरवायचे तर पाहुण्याची संमती हवी, आणि गर्दी जमवण्यासाठी घाम गाळायचा तर निम्मे फळ दुसऱ्याच्या ताटात. मग यजमान काय करतो? सुरक्षारक्षकांचा आणि खानपानाचा खर्च वाचवण्यासाठी स्टँड बंद ठेवतो आणि नंतर प्रेक्षक आले नाहीत म्हणून गळा काढतो.

दुसरे, अंतिम सामन्याची तारीख. २००४ पर्यंत तो वसंतात होत असे. २००५ पासून तो ऑगस्टअखेर गेला, २०२१ मध्ये जुलैत आला, २०२२ मध्ये मे महिन्यात आणि लंडनचे वेम्बली मैदान सोडून टॉटनहॅमच्या मैदानावर झाला, २०२३ मध्ये पुन्हा ऑगस्टात गेला आणि २०२४ मध्ये जूनमध्ये आला. दिवाळीची तारीखही दरवर्षी बदलते, पण तिथी बदलत नाही; येथे तिथीच हरवली आहे.

स्पष्टवक्ता
माझ्या एका वाक्याचा इतका राग आला म्हणजे ते वर्मी लागले असावे. तुमचा तारखेचा मुद्दा ऐकायला गोड आहे, फक्त आकड्यांशी त्याचे जुळत नाही. २०१५ चा अंतिम सामना ऑगस्टअखेर झाला आणि ८०,१४० लोक आले. २०१६ चाही ऑगस्टअखेर, ७६,२३५. २०१८ चाही ऑगस्टअखेर, आणि त्या दिवशी वेम्बलीवर ५०,६७२ लोक होते. तिथी तीच, महिना तोच, आणि तीन वर्षांत तीस हजार माणसे गायब. ही कोणत्या पंचांगाची करामत म्हणायची?

खरे कारण सगळ्यांना ठाऊक आहे, पण बोलायचे कोणाला नाही. १९९८ पासून सुपर लीगचा विजेता ठरवणारा ग्रँड फायनल मँचेस्टरच्या ओल्ड ट्रॅफर्डवर होऊ लागला आणि वर्षाचा सर्वोच्च दिवस ऑक्टोबरात गेला. त्यापूर्वी कप हाच शिखर होता. आता तो वाटेवरचा थांबा आहे. मी विगनमध्ये राहतो. माझ्या रुग्णालयातील सहकारी गुड फ्रायडेच्या सेंट हेलेन्सविरुद्धच्या सामन्यासाठी महिनोन्महिने आधी ड्यूट्या बदलून घेतात, ओल्ड ट्रॅफर्डला तर सहकुटुंब जातात. पण कपाची सोडत निघाली आणि त्याच वर्षात ज्या संघाशी आधीच दोनतीनदा गाठ पडायची आहे तोच पुन्हा समोर आला, तर एकही जण फोनवरून मान वर करत नाही. स्वस्त तिकिटाने कंटाळ्यावर उपाय होत नाही.

हंबरकाठ
स्पष्टवक्ते साहेब, आकडे देताना कोण कोणाशी खेळले हेही सांगायचे असते. २०१८ मध्ये कॅटलन्स ड्रॅगन्स आणि वॉरिंग्टन होते. फ्रान्समधल्या पर्पिन्याँहून लंडनला किती लोक येणार होते? आले तेवढे आले, त्यांनी कप जिंकला आणि इंग्लंडबाहेर नेणारा पहिला संघ होण्याचा मान मिळवला. त्या संध्याकाळी प्रेक्षकसंख्या मोजत बसणारे तुम्ही एकटेच असाल. आणि २०२३ पासूनचे आकडे सोयीस्करपणे गाळलेत : त्या वर्षी ५८,२१३, २०२४ मध्ये ६४,८४५, २०२५ मध्ये ६३,२७८. मरायला टेकलेल्या स्पर्धेची नाडी अशी लागत नाही.

आमच्या हलमध्ये येऊन 'वाटेवरचा थांबा' हे शब्द उच्चारून पाहा. १९८० मध्ये शहराचे दोन्ही संघ, हल एफसी आणि हल केआर, वेम्बलीवर समोरासमोर आले, तेव्हा ए-६३ रस्त्यावर कोणीतरी फलक लावला होता की शेवटी बाहेर पडणाऱ्याने दिवे मालवावेत. आमच्या शेजारच्या आजी अजून तो फलक आपल्या दिरानेच लावल्याचे सांगतात. त्या गल्लीत असे सांगणारी आणखी दोन घरे आहेत. हल एफसीला वेम्बलीवर जिंकता येत नाही म्हणून हल केआरवाले वर्षानुवर्षे गाणी म्हणून चिडवत असत, आणि २०१६ मध्ये शेवटच्या मिनिटांत डॅनी हाउटनने ट्राय-रेषेवर (जिच्यापलीकडे चेंडू टेकवला की गुण मिळतात) वॉरिंग्टनच्या बेन करीच्या हातून चेंडू उडवला तेव्हा माझ्या शेजारी बसलेला अनोळखी धिप्पाड माणूस माझ्या खांद्यावर डोके ठेवून हमसाहमशी रडला. २०२५ मध्ये हल केआरने कडेच्या रेषेजवळून मारलेल्या मिकी लुइसच्या कन्व्हर्जनवर (ट्रायनंतर मिळणाऱ्या किकवर) ८–६ अशी बाजी मारली आणि चाळीस वर्षांचा दुष्काळ संपवला. ओल्ड ट्रॅफर्डने असे काही दिले असेल तर सांगा.

पेनाइनपार
ताई, भावना पोचल्या. पण मूळ दुखणे वेम्बली हेच आहे आणि त्यावर कोणी बोट ठेवत नाही, म्हणून मी ठेवतो. हा खेळ १८९५ मध्ये हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात जन्मला, कारण खाणीत आणि गिरणीत बुडालेल्या रोजीची भरपाई खेळाडूंना मिळू नये असा दक्षिणेच्या साहेबांचा हट्ट होता. १९२९ मध्ये त्याच खेळाने आपला सर्वांत मोठा सामना लंडनला नेला आणि तेव्हापासून उत्तरेचा माणूस आपलाच कप पाहायला दोनशे मैल जातो. चौघांच्या कुटुंबाने रेल्वेभाडे, सामन्याची तिकिटे आणि वेम्बलीबाहेरच्या कोमट बर्गरचे पैसे मोजले की तेवढ्यात वर्षभराची सीझन तिकिटे येतात.

एका वर्षी परतीच्या वाटेवर रुळांची दुरुस्ती काढली होती. आमची आरक्षित गाडी रद्द झाली, पुढच्या गाडीत शौचालयाच्या दारापर्यंत माणसे उभी होती, आणि थोरली मुलगी बॅगेवर बसून झोपली ती थेट मँचेस्टरला उठली. त्यानंतर घरात कपाचा विषय निघाला की सौभाग्यवती एकच प्रश्न विचारतात : 'बसायला मिळणार आहे का?'

१९५४ मध्ये वॉरिंग्टन आणि हॅलिफॅक्स वेम्बलीवर ४–४ असे बरोबरीत सुटले आणि फेरसामना ब्रॅडफर्डच्या ऑड्सलवर बुधवारी संध्याकाळी झाला. वेम्बलीवर ८१,८४१ होते. ऑड्सलवर अधिकृत नोंद १,०२,५६९ ची, आणि कुंपणे मोडून आत शिरलेले वेगळेच. घराजवळ सामना ठेवला की काय होते, हे त्याच दिवशी कळायला हवे होते.

हंबरकाठ
तो फेरसामना होता! वेम्बलीवर निकाल लागला असता तर ऑड्सलला कुत्रेसुद्धा फिरकले नसते. शिवाय सत्तर वर्षांपूर्वीच्या एका बुधवारच्या भांडवलावर आणखी किती वर्षे धंदा करणार आहात? आणि 'उत्तरेत' म्हणजे नेमके कोठे न्यायचे तेही सांगून टाका. मँचेस्टरला, म्हणजे तुमच्या दारात. तेथे आधीच ग्रँड फायनल आहे. हलहून मँचेस्टरला जाणारी गाडी कधी वेळेवर सुटलेली पाहिली आहे का? तुमच्या कन्येला तेव्हा बसायला मिळेल आणि आमची मुले उभी राहतील.

पेनाइनपार
लीड्स आहे, न्यूकॅसल आहे. पण तुम्हाला लंडनचीच हौस असेल तर आम्ही काय बोलणार. हलहून वर्षातून एकदा राजधानी पाहायला मिळते, तीही हवीच.

हंबरकाठ
हो, हवी. खाणकामगारांच्या पिढ्यांना हवी होती आणि आम्हालाही हवी आहे. फेदरस्टोनसारख्या एका गल्लीच्या गावाने १९८३ मध्ये वेम्बलीवर बलाढ्य हल एफसीला १४–१२ असे हरवले. आम्ही हरलो, तरी लिहिते आहे. तो सामना लीड्सला झाला असता तर त्याला एवढी किंमत आली असती का? वर्षातून एका दिवशी आम्ही देशाच्या मधोमध उभे राहतो, तोही तुम्हाला तुमच्या बर्गरच्या हिशेबात बुडवायचा आहे.

लंडनस्थ
दोघांच्या भांडणात पडण्याची इच्छा नाही, पण मी वेम्बलीच्या जवळ राहतो आणि दर वर्षी त्या रस्त्याने चालतो, म्हणून डोळ्यांनी पाहिलेले सांगतो. लंडनचा माणूस या सामन्याला पूर्वीही फारसा येत नव्हता आणि आताही येत नाही. पूर्वी मैदानाकडे जाणाऱ्या त्या वेम्बली वे रस्त्यावर अंतिम सामन्यात न खेळणाऱ्या संघांच्या जर्सी मोजता येत नसत. कॅसलफर्ड, विडनेस, ओल्डहॅम, व्हाइटहेवन, आपला संघ पहिल्याच फेरीत हरलेला असला तरी मंडळी येत, कारण त्यांनी वर्षभर आधीच हॉटेल आणि बस ठरवलेली असे. अंतिम सामन्यात कोण आहे याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हते. हे तटस्थ लोक घटले आहेत. दोन क्लब मिळून चाळीसएक हजार आणतील, उरलेले मैदान हेच लोक भरत असत.

वेकफील्डकर
लंडनस्थ यांनी लाखमोलाचे सांगितले, आणि ते माझ्याच बाजूचे आहे. तारीख तीन वर्षे आधी जाहीर करा, हलवू नका, आणि तो माणूस परत येईल. आमच्या क्लबात एक गृहस्थ आहेत. त्यांनी १९६८ चा पाण्यात बुडालेला अंतिम सामना पाहिला, जेव्हा वेकफील्डचा डॉन फॉक्स शेवटच्या क्षणी गोलखांबांसमोरून कन्व्हर्जन चुकला आणि लीड्स ११–१० असे जिंकले. सामनावीराची लान्स टॉड ट्रॉफी त्या दिवशी फॉक्सलाच मिळाली होती. हे गृहस्थ पुढे वर्षानुवर्षे, वेकफील्ड असो वा नसो, त्याच शनिवारी लंडनला जात राहिले. तारीख ऑगस्टात गेल्यावर मुलीच्या कुटुंबाबरोबरची सुट्टी आड येऊ लागली, एक वर्ष चुकले, दुसरे चुकले, आणि सवय मोडली ती मोडलीच. स्पष्टवक्ते यांची तीस हजार माणसे अशीच, एकेका घरातून गळाली आहेत. तारीख ज्या वर्षी बदलली त्याच वर्षी सगळे एकदम जात नाहीत.

बॅटलीचा बापू
पहिला चॅलेंज कप १८९७ मध्ये हेडिंग्लीवर आमच्या बॅटलीने सेंट हेलेन्सला १०–३ असे हरवून जिंकला, हे या चर्चेत अजून कोणाला आठवले नाही, त्यावरूनच सगळे कळते. २०२३ मध्ये बॅटली आयुष्यात प्रथम वेम्बलीवर खेळले, सुपर लीगबाहेरच्या संघांसाठीच्या १८९५ कपच्या अंतिम सामन्यात. तो कधी ठेवला होता? मुख्य सामन्यानंतर. ली या संघाने हल केआरला जादा वेळेतल्या ड्रॉप गोलवर १७–१६ असे हरवले, लोक रडले, नाचले आणि आपापल्या बसकडे निघाले. आमचे खेळाडू मैदानात आले तेव्हा लाल खुर्च्यांच्या रांगाच्या रांगा त्यांच्याकडे पाहत होत्या. हॅलिफॅक्सकडून १२–१० असे हरलो. हा सामना दुपारी आधी ठेवला असता तर निदान उशिरा येणाऱ्यांनी त्याचा शेवट तरी पाहिला असता.

आणि आणखी एक, कोणाला राग आला तरी चालेल. आमच्या बॅटलीच्या माउंट प्लेझंट या उतरत्या मैदानाभोवती गुजराती मुसलमानांची शेकडो घरे आहेत. सामन्याच्या दिवशी कर्ण्याचा आवाज त्यांच्या स्वयंपाकघरात ऐकू येतो. ड्यूसबरी, ब्रॅडफर्ड, हडर्सफील्ड, सगळीकडे असेच. दक्षिण आशियाई वंशाचा इकराम बट १९९५ मध्ये इंग्लंडकडून खेळला. त्यानंतर तीस वर्षांत किती क्लबांनी आपल्या भिंतीपलीकडच्या या घरांची दारे ठोठावली? पर्पिन्याँहून माणसे येतील म्हणून वाट पाहायची आणि रस्त्यापलीकडच्या शेजाऱ्याला बोलवायचे नाही.

स्पष्टवक्ता
बापू, आपल्या दुःखाचा आदर आहे, पण हा विषय वेगळा आहे.

बॅटलीचा बापू
वेगळा कसा? चर्चा रिकाम्या खुर्च्यांची आहे ना?

पेनाइनपार
बापूंचे बरोबर आहे. मला येथे इतकी वर्षे झाली, पण शेजाऱ्याने हाताला धरून नेले म्हणून मी मैदानात गेलो. क्लबाचे पत्रक आमच्या दाराशी कधी आले नाही. आणि ऑड्सलभोवतीची वस्ती आज कोणाची आहे, हे हंबरकाठ ताईंनी एकदा जाऊन पाहावे.

हंबरकाठ
पाहिली आहे. फिरवून फिरवून पुन्हा ऑड्सल.

स्पष्टवक्ता
ठीक आहे, बापूंचा मुद्दा विषयाला धरून आहे असे मानू. पण मग वेकफील्डकरांनी याचे उत्तर द्यावे : २०२५ पासून सुपर लीगचे क्लब तिसऱ्या फेरीतच उतरवले, त्यांना फेब्रुवारीच्या गारठ्यात खालच्या विभागांतील आणि हौशी संघांकडे पाठवले, आणि बहुतेक सामन्यांत विश्रांतीनंतर गुणफलक पाहवत नव्हता. मोठ्या क्लबांनी त्याचा हंगामपूर्व सराव करून घेतला. हेच का तुमचे पुनरुज्जीवन?

वेकफील्डकर
गुण कोण मोजत बसले होते? ज्या हौशी क्लबाच्या मैदानाला एका बाजूला दोरी आणि दुसऱ्या बाजूला झुडपे असतात, तेथे सुपर लीगचा संघ बसमधून उतरतो, शाळकरी मुले त्या खेळाडूंच्या सह्या बुटांवर घेतात आणि क्लबहाउसच्या बारमध्ये वर्षभराची विक्री एका दुपारी होते. माझ्या पाहण्यातल्या एका सामन्याला पाय ठेवायला जागा नव्हती. तेथे लोक आले, कारण यजमानाला ते यावेत असे वाटत होते; आमच्या मोठ्या क्लबांना उपांत्यपूर्व फेरीत तेवढेही वाटत नाही. पहिला घरचा कप सामना सीझन तिकिटात धरा, पाहुण्या क्लबाला त्याच्या वाट्याची ठरावीक रक्कम आधीच द्या, आणि बापूंच्या गल्लीत पत्रके वाटा. त्यानंतरही स्टँड रिकामा राहिला तर मी स्वतः तुमच्या समाप्तीच्या ठरावाला अनुमोदन देतो.

स्पष्टवक्ता
पाहुण्याला ठरावीक रक्कम देण्याची कल्पना वाईट नाही, हे नाइलाजाने लिहितो. विगनच्या हिशेबनिसांना ती सुचली नाही याचे आश्चर्य वाटते, कारण पैशाच्या बाबतीत त्यांना सहसा सगळे सुचते. माझा प्रस्ताव मागे घेतलेला नाही. तूर्त तहकूब समजावा. मात्र त्याच वर्षी पाचव्यांदा सेंट हेलेन्स समोर आले तर तो त्याच संध्याकाळी पुन्हा मांडण्यात येईल.

हंबरकाठ
तहकूब ठेवा किंवा मांडा, पण अंतिम सामना वेम्बलीवरच होईल.

पेनाइनपार
न्यूकॅसल.