मुरमाड, उताराची जमीन: गाळ टाकावा, सपाट करावी की आहे तशीच लावावी? (मदत हवी आहे)

चटणीभाकरी

नमस्कार मंडळी,

बार्शी तालुक्यात, बालाघाटाच्या अंगाला आमची साडेतीन एकर कोरडवाहू जमीन आहे. आम्ही दोघंही नोकरीमुळे सोलापुरात. आजवर सासरे (आबा) गावी राहून जमेल तसं बघत आले. आता वाटण्या झाल्या आणि आमच्या नावावर आला तो सगळ्यात वरच्या अंगाचा तुकडा. खालची काळी ज्यांना मिळाली ते खूश आहेत. "तुमच्याकडं हवा चांगली आहे की," असं आम्हाला ऐकवूनही झालंय.

"आधी फोटो टाका" हे उत्तर येणार हे माहीत आहे, पण फोटोत खोली दिसत नाही, म्हणून लिहूनच सांगते. तुकडा उगवतीकडून मावळतीला उतरत जातो. वरच्या टोकाला पंधरा-वीस गुंठे उघडा खडक आहे, सातबाऱ्यावर तेवढा पोटखराबा (लागवडीला न येणारी जमीन) लागलेला आहे. मधे दोन एकरभर तांबूस-करडी, हाताला खरखरीत माती. मूठ भरली तर निम्मे खडेच. अगदी खालच्या बांधाला मात्र दोन-अडीच फूट काळसर माती आहे, उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. तिथं आबा शाळू पेरतात. मधल्या पट्ट्यात हुलगा, मटकी, कधी बाजरी. पावसाने दहा-बारा दिवस ओढ दिली की मधला पट्टा माना टाकतो, खालच्याला ती ओढ जाणवतही नाही. दोन्ही एकाच बांधाच्या आत! विहीर सामाईक, पाणी फेब्रुवारीपर्यंत, मग पाळी आणि भांडणं.

मधल्या पट्ट्यात कंबरभर खड्डा घेऊन बघितला. वर वीतभर माती, त्याखाली पिवळट-करडा मुरूम. वरचा मुरूम कुदळीने निघतो, खाली मात्र पहार लागली. मुरमात नारळाएवढे गोल दगड आहेत. त्यांचे कांद्यासारखे पापुद्रे सुटतात आणि आत काळा कठीण गोळा राहतो. जागोजागी पांढरे चकाकणारे खडे. एक गोष्ट लक्षात राहिली: शेजारच्या बोराटीचं बोटाएवढं मूळ एका फटीतून सरळ खाली गेलं होतं, खड्डा संपला तरी ते संपलं नव्हतं.

आता सल्ले. चुलत दीर म्हणतात, पाझर तलावातला गाळ आणून अर्धा फूट थर द्या, काळी जमीन तयार. गावातला मुरमाची वाहतूक करणारा एकजण म्हणतो, सपाटीकरण फुकट करून देतो, फक्त निघालेला मुरूम माझा. आबा म्हणतात, काही करू नका, कुसळी येऊ द्या, शेरडं चरतील. आणि माझ्या मनात डाळिंब, कारण सोलापूर जिल्ह्यात राहून दुसरं काही सुचतच नाही.

जाणकारांनी सांगा: गाळ टाकावा का? मुरूम जाऊ द्यावा का? आणि डाळिंब नको असेल तर काय?

पाचवा_मजला

रस्त्याला लागून असेल तर प्लॉट पाडा, मोकळे व्हा.

चटणीभाकरी

बैलगाडीची वाट आहे हो. प्लॉट घेणारा बैलासकट यावा लागेल.

खडकमास्तर

पांढऱ्या खड्यांपासून सुरू करतो. जुन्या कट्ट्यावरच्या मित्रांना माझी सवय माहीत आहे.

तुमच्या पायाखाली लाव्ह्याचे थर आहेत, साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीचे. एका थरावर दुसरा, असे कितीतरी. प्रत्येक थर थंड होताना वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकले, पोकळ्या राहिल्या आणि पुढे त्यांत गारगोटी, झिओलाइट, कॅल्साइट असली खनिजं भरली. तुम्हाला सापडले ते हेच. गारगोटीने काचेवर ओरखडा उठतो. कॅल्साइट चाकूने सहज खरवडतो आणि त्यावर पातळ ॲसिडचा थेंब टाकला की फसफसतो. पांढरं दिसलं म्हणजे शेतातली चुनखडी नव्हे. खरी चुनखडी बघायची तर खालच्या काळ्या मातीत शोधा, पांढुरके मऊसर गोळे मिळतील. पाऊस कमी आणि ऊन जास्त म्हटल्यावर खडकातून सुटलेला चुना धुऊन पार निघून जात नाही, खोलगट भागात साचतो.

पापुद्रे सुटणारे दगड म्हणजे बेसाल्ट (लाव्ह्याचा काळा खडक) कुजण्याची नेहमीची रीत. पाणी भेगांतून शिरतं, चौकोनी तुकड्यांचे कोपरे आधी कुजतात, म्हणून गाभा गोल राहतो. म्हणजे तुमच्या खड्ड्यात खडकाचा मुरूम आणि मुरमाची माती होणं चालूच आहे. फक्त उतारावर जेवढी माती होते, जवळजवळ तेवढीच वाहून जाते. ती गेली कुठे? तुमच्या खालच्या बांधाला आणि तिथून भावकीच्या वाटणीत! खडक एकच. वर उथळ, तांबूस. खाली खोल, काळी. आपल्याकडे टेकडीवरून ओढ्यापर्यंत चालत गेलात तर हेच दिसेल.

उघडिपीत मधला पट्टा का सुकतो, याचा ढोबळ हिशोब करा. असल्या वीतभर मातीत पिकाला मिळण्याजोगं पाणी फार तर तीस-चाळीस मिलिमीटर, खडे जास्त असतील तर त्याहून कमी. पीक अंगात आलं की दिवसाला चार-पाच मिलिमीटर उडतं. आठवड्यात खेळ खलास. बोराटी मात्र फटीतून मुरमात उतरली. मुरमात माती कमी असली तरी ओल असते, तुमच्या विहिरीतलं पाणीही बरंचसं ह्याच कुजक्या थरातून पाझरतं.

माळरानी

ताई, मुरूमवाल्याला आधी नाही म्हणून टाका. आमच्या शेजाऱ्यानं असंच फुकट सपाटीकरण करून घेतलं. वरची वीतभर माती बाजूला काढून ठेवायचं ठरलं होतं, पोकलेन आल्यावर कुणाला आठवण राहते? मऊ मुरूम गेला, शेत सपाट झालं आणि तळाला काळा पाषाण उघडा पडला. आता तिथं कुसळी पण धड येत नाही. शिवाय मुरूम हे गौण खनिज. शेताबाहेर न्यायचा तर तहसीलची परवानगी आणि स्वामित्वधन (रॉयल्टी) लागतंय. पकडलं तर दंडाचा बोजा तुमच्या सातबाऱ्यावर, ट्रकवाला नामानिराळा.

गाळाचं म्हणाल तर गाळ वाईट नाही, आम्ही स्वतः टाकलाय. पण आधी हिशोब घाला. एकराचे 43,560 चौरस फूट. अर्धा फूट थर म्हणजे 21,780 घनफूट, म्हणजे 218 ब्रास (शंभर घनफुटांचा एक ब्रास). तुमच्या दोन एकराला चारशेच्या वर गेले. गाळ फुकट असला तरी वाहतूक फुकट नसते, आणि बैलगाडीच्या वाटेनं हायवा (मोठा डंपर) येतोय का ते बघा आधी. त्यातून उतारावर बांधबंदिस्ती न करता गाळ टाकला तर दोन मोठ्या पावसांत तो परत तलावात. दीर म्हणतील पुन्हा आणू.

ठिबकतंत्र

माळरानींच्या बोलण्यात एक भर. मुरमावर गाळाचा सरळ थर अंथरला तर वरची माती बारीक कणांची आणि खालची भरड. बारीक मातीतलं पाणी ती चांगली संपृक्त झाल्याशिवाय भरड थरात उतरत नाही, मधेच अडून राहतं. शाळूला एक वेळ चालेल. डाळिंबाच्या मुळाशी असं पाणी थांबलं तर मर रोगाला आवतणच. सांगोल्याच्या मुरमाड माळांवर डाळिंब का साधलं, तर निचरा. तुम्ही तोच गुण पैसे घालून घालवणार का?

गाळ वापरायचाच तर खड्ड्यापुरता. वरची माती, थोडा गाळ, शेणखत आणि निघालेला बारीक मुरूम सगळं कालवून भरा. खड्ड्याच्या भिंती पहारीने खरवडून ठेवा, गुळगुळीत ठेवू नका. तळाचा दगड फुटत असेल तर फोडा, नसेल तर हातभर सरकून दुसरीकडे खड्डा घ्या, ओळ थोडी वाकडी झाली तरी झाड काही विचारत नाही.

ठिबक करणार असाल तर मुरमात पाणी आडवं पसरत नाही, थेंबाखाली सरळ खाली जातं. एका झाडाला एक मोठा ड्रिपर देऊन तासन्‌तास सोडू नका. कमी प्रवाहाचे चार ड्रिपर बुंध्यापासून लांब, आणि थोडं थोडं पण वरचेवर.

डाळिंबाबद्दल माझं मत: तुमचं पाणी फेब्रुवारीला संपतं, म्हणजे आंबे बहार (जानेवारी-फेब्रुवारीत फुलणारा) बाद. राहिला मृग बहार, पावसाळ्यात फुलणारा. पावसाळी हवेत तेल्या (फळांवर डाग पाडणारा रोग) सगळ्यात जोरात असतो आणि तुम्ही सोलापुरात बसून फवारणीच्या वेळा सांभाळणार. तरी ठरवलंच तर आधी केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रात जाऊन या, तुम्हाला सोलापुरातच आहे.

खडकमास्तर

माती तपासणीबद्दल एक सांगायचं राहिलं, कारण हे कुणी सांगत नाही. प्रयोगशाळेत नमुना 2 मिलिमीटरच्या चाळणीतून चाळतात आणि खाली पडलेली मातीच तपासतात. तुमच्या मुठीत निम्मे खडे, म्हणजे अहवालात पालाश (पोटॅश) "भरपूर" लिहून आला तरी एकरी हिशोब निम्म्यावर आणून वाचा. वरच्या मातीचा, मुरमाचा आणि खालच्या काळ्या पट्ट्याचा नमुना वेगवेगळा द्या. तिन्ही एकत्र कालवले तर येणारा आकडा तुमच्या शेतात कुठेच लागू पडणार नाही.

शेरडंवाली

आबांचं म्हणणं कुणी मनावर घेईना, म्हणून लिहिते. इतक्या उथळ जमिनीत गवत हेसुद्धा पीकच आहे. कोरडवाहूच्या शिफारशी खोली बघून असतात. अगदी उथळ जागी गवत आणि झाडं, वीतभर माती असेल तिथं बोर-सीताफळासारखी फळझाडं, त्याहून खोल असेल तिथं बाजरी, तूर, हुलगा, आणि शाळू खोल काळीत. आबा पिढ्यान्‌पिढ्या जवळपास तेच करत आलेत. नान्नजचं माळढोक अभयारण्य 1979 चं, तेही असल्याच माळावर. माळ म्हणजे पडीक, असं समजून चालत नाही.

फक्त नुसती कुसळी नको. ती फुलोऱ्यावर आली की तिचे काटे लोकरीत आणि तोंडात जातात. पवना, मारवेल लावा आणि पहिल्या पावसात स्टायलो फोकून द्या, ते द्विदल असल्याने चाराही चांगला होतो. पहिलं वर्ष चराई बंद. हे आबांना पटवणं तुमच्याकडे.

चटणीभाकरी

सगळ्यांचे आभार. मुरूमवाल्याला नाही कळवलं. ठेकेदार मंडळींच्या ओळखीचं कुणी इथे असेल तर माफ करा.

ॲसिड टाकून बघितलं (बाथरूमचं, हातमोजे घालून). खालच्या काळ्या मातीवर लगेच फेस आला, मधल्या मातीवर अगदी पुसट. पांढऱ्या खड्यांपैकी काही फसफसले, बरेचसे गप्प.

डाळिंब सोडून दिलं, ह्यांना थोडं वाईट वाटलं. मधल्या पट्ट्यात सीताफळ आणि बोर, वरच्या खडकाळ भागात शेरडंवालींनी सांगितलेलं गवत, खाली आबांचा शाळू तसाच. गाळ फक्त खड्ड्यांत. आबांनी विचारलेला प्रश्न इथे टाकते: उन्हाळ्यात पाणी नाही, तर ही झाडं जगवायची कशी? आणि बोराची कलमं रोपवाटिकेतून आणायची का?

माळरानी

सीताफळ उन्हाळ्यात पानं झाडून गप्प बसतं, पावसावर फुटतं आणि फळ दिवाळीच्या आगेमागे निघतं. बोर पण उन्हाळ्यात झोपतं, एप्रिलमध्ये छाटायचं, फळं हिवाळ्यात. दोघांचं वर्ष आपल्या पावसाशी जुळतंय. पहिली दोन वर्षं मात्र उन्हाळ्यात घागरीनं पाणी घालावंच लागेल, बुंध्याला पाचटाचं आच्छादन करा. सीताफळाच्या जातींत बाळानगर आहे, आणि तुमच्याच तालुक्यातली एनएमके-1 पण आहे. दोन्हीच्या बागा फिरून बघा, मगच ठरवा.

खड्डे घेण्याआधी उताराला आडवे सलग समतल चर काढा. साध्या ए-फ्रेमनं (ए अक्षराच्या आकाराची लाकडी चौकट आणि ओळंबा) समपातळी निघते, कुणाला पैसे द्यायची गरज नाही. चराची माती खालच्या अंगाला टाका, तिच्यावर मारवेल. झाडं चराच्या खालच्या बाजूला.

बोराची कलमं आणू नका. पिशवीत सोटमूळ वेटोळं होतं, उपटताना तुटतं आणि मग ते फटीत शिरत नाही. तुमच्या खड्ड्यात दिसलं ते मूळ जागेवरच रुजलेल्या बियाचं होतं. गावठी बोराच्या आठळ्या जमवा, मिठाच्या पाण्यात टाका, तरंगतील त्या फेकून द्या. बुडालेल्या जूनच्या तोंडावर प्रत्येक खड्ड्यात तीन-चार लावा. रोप पेन्सिलीएवढं जाड झालं की त्यावर उमराण या जातीचा डोळा भरून (कलम करून) घ्या. डोळे भरणारा माणूस बार्शीत मिळेल, पण पावसाळ्यात त्याला वेळ नसतो, आधीच सांगून ठेवा.

चटणीभाकरी

आठळ्या आबांकडे आहेत म्हणे, डबाभर. नातवंडांनी खाऊन टाकलेल्या. चालतील ना?

माळरानी

चालतील. खारट पाण्यातून काढल्यावर साध्या पाण्यानं धुऊन घ्या. आणि किडकी असेल तर दाबून बघितल्यावर कळते, आबांना सांगा.