मदत हवी आहे: कुठल्याही विषयाला चालेल असं थीसिस स्टेटमेंट

पेडण्याची_पोर
शनिवारी पेपर. इंग्रजी निबंधाची सुरुवातच सुचत नाही, पंधरा मिनिटं तिथेच जातात. पर्यावरण, शिक्षण, मोबाईल, काहीही आलं तरी थोडं फिरवून लिहिता येईल असं एक थीसिस स्टेटमेंट, म्हणजे निबंधाचा मुख्य मुद्दा सांगणारं वाक्य, द्या ना कुणीतरी. पुस्तकं सुचवू नका, वेळ नाही.

डिचोलीकर
पेपर कसला? बारावी, यूपीएससी, आयईएल्टीएस?

फोंड्याचा_वाचक
यूपीएससी असेल तर इंग्रजीचा हट्ट कशाला? मराठीतून लिही.

सुशेगाद
कोकणीतूनही येतं हां. १९९२ पासून राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात आहे.

फोंड्याचा_वाचक
सुरू झालं यांचं!

डिचोलीकर
राजभाषा दुसऱ्या धाग्यावर. पोरीचा पेपर शनिवारी आहे.

पेडण्याची_पोर
अहो, आयईएल्टीएस, परदेशी जायला लागते ती इंग्रजीची परीक्षा! टास्क टू, म्हणजे रायटिंगमधला निबंध. सांगायचं राहिलं.

सुशेगाद
पोर्तुगीज पासपोर्ट काढ, परीक्षाच नको.

भाटातली_चिंच
ब्रेक्झिटनंतर तो इंग्लंडात राहायला चालत नाही, दादा.
पोरी, पाठ केलेली ओळ नको. क्लासवाल्यांनी दिलेलं ‘इन टुडेज मॉडर्न वर्ल्ड’ मी जसंच्या तसं उतरवलं होतं, रायटिंगला नऊपैकी ५.५ आले. परीक्षकाला पाठांतर कळतं. ओळ नाही, साचा घे. ‘ऑल्दो’ने समोरच्याचं थोडं मान्य करायचं, मग आपलं मत, मग ‘बिकॉज’. उदा. ऑल्दो टुरिझम क्रिएट्स जॉब्ज, आय बिलीव्ह इट शुड बी लिमिटेड, बिकॉज इट ड्रेन्स व्हिलेज वेल्स अँड रेझेस रेंट्स. विहिरी एका परिच्छेदात, भाडी दुसऱ्यात. झाला निबंध.

डिचोलीकर
सगळीकडे नाही चालणार. ‘कारणं आणि उपाय’ विचारले तर तुझं मत कुणी मागितलेलंच नसतं. तिथे मुख्य कारण आणि मुख्य उपाय एकाच वाक्यात सांगून मोकळं व्हायचं.

भाटातली_चिंच
मान्य. पण तिला आधी एक तरी जमू दे.

सुशेगाद
आणि टास्क टू आधी लिही. त्याला दुप्पट वजन आहे, ४० मिनिटं पूर्ण मिळायला हवीत.

फोंड्याचा_वाचक
अक्षर कसं आहे? बोरू वापरायचो आम्ही.

पेडण्याची_पोर
बघा जमलं का: ऑल्दो मोबाईल्स हेल्प स्टुडंट्स, बट दे शुड बी बॅन्ड इन क्लास बिकॉज दे ब्रेक अटेन्शन.

भाटातली_चिंच
‘बट’ काढ. मराठीत ‘जरी’ला ‘तरी’ लागतो, इंग्रजीत ‘ऑल्दो’ आला की ‘बट’ नको.

पेडण्याची_पोर
अरे देवा. पहिलीपासून असंच लिहितेय मी.