मदत हवी आहे: ओट्सच्या कुकीज दोनदा फसल्या

सायली_क: उद्या संध्याकाळी २४ कुकीज हव्यात. कृती तीच, पाकिटं दोन. पहिल्या ट्रेला दाताखाली खडे, दुसरा ट्रे नुसता पिठूळ केक. दोन्ही पाकिटांवर ओट्सच लिहिलंय! लवकर सांगा.

पीठमीठ: कुठले ओट्स? पाकिटावर शिजायची वेळ काय दिलीय?

तवा_गरम: ओट्सचा उपमा करा. आधी कोरडे भाजायचे, म्हणजे गिचका होत नाही.

सायली_क: उपमा नकोय हो! एकावर २५ मिनिटं, दुसऱ्यावर ३.

पीठमीठ: मग उलगडलं. २५ वाले स्टील-कट, म्हणजे सोललेल्या दाण्याचे कापलेले तुकडे, दलियासारखे. कुकीच्या मिश्रणात पाणी जेमतेम, भट्टीत १२ मिनिटं. ते शिजणार कसे? ३ वाले क्विक, पातळ पोह्यांसारखे. ओलावा लगेच ओढून घेतात. तुम्हाला हवेत रोल्ड: अख्खा दाणा वाफवून चपटा केलेला, जाड पोहे समजा.

रविवारची_भट्टी: स्टील-कट रात्रभर भिजवले तर चालतात की.

पीठमीठ: भिजवलेलं पाणी मिश्रणात उतरतं आणि कुकी लिबलिबीत होते. चौपट पाण्यात लापशी करा त्यांची.

रविवारची_भट्टी: कापडावर पसरून कोरडे केले तर नाही उतरत. असो.

जाता_जाता: क्विक मिक्सरला फिरवून मैद्याऐवजी घाला, सगळ्यात पौष्टिक.

पीठमीठ: पूर्ण मैदा बदललात तर कुकी उचलताना भुगा होईल. ओट्सच्या पिठात गव्हासारखं ग्लुटेन, म्हणजे पीठ बांधून ठेवणारं चिकट प्रथिन, नसतं. पाव भागच बदला. सायली, प्रमाण घ्या: लोणी १०० ग्रॅम, साखर १३० (निम्मी ब्राउन), अंडं १, मैदा ९५, सोडा अर्धा छोटा चमचा, चिमूट मीठ, रोल्ड ओट्स १३५. कपाने मोजू नका, क्विक कपात दाटून बसतात. अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, मग १८० अंशांवर १०-१२ मिनिटं. कडा तांबूस झाल्या की काढा. मधला भाग मऊ दिसला तरी गार होताना धरतो. ओटीजी (घरगुती विजेची छोटी भट्टी) आहे ना? १५ मिनिटं आधी तापवा.

जाता_जाता: सीलिअॅकवाल्यांना, म्हणजे ज्यांना ग्लुटेनचा त्रास होतो त्यांना, ओट्स चालतात का?

रविवारची_भट्टी: ग्लुटेन-फ्री लिहिलेले आणि डॉक्टरांना विचारूनच. साध्यात गहू-जव मिसळलेले असू शकतात.

सायली_क: रोल्ड आणले. पण अंडं चालत नाही, सांगायचं राहिलं.

पीठमीठ: आता सांगताय! १ टेबलस्पून जवसाची पूड ३ टेबलस्पून पाण्यात १० मिनिटं भिजवा, बुळबुळीत झाली की घाला.