काजूवर हुमले (लाल मुंग्या) आहेत. फवारू की राहू देऊ?

डोंगरभाट:
नमस्कार. वाळपईपासून थोडं आत, डोंगराच्या उतारावर आमची काजूची बाग आहे. दीडशेच्या आसपास झाडं. निम्मी आजोबांनी बी टाकून वाढवलेली गावठी, निम्मी बाबांनी लावलेली वेंगुर्ला-४ जातीची कलमं. बाबा गेल्या पावसाळ्यात गेले. मी पणजीला नोकरी करते, शनिवार-रविवारी बागेत असते, आणि यंदा पहिल्यांदाच सगळं माझ्या हातात आलंय.

वरच्या अंगाच्या वीस-पंचवीस झाडांवर हुमल्यांची घरटी आहेत. पानं शिवून केलेले गोळे, काही झाडांवर आठ-दहा. रान कापायला आलेल्या बायका त्या झाडांखाली जायलाच तयार नाहीत. मलाही मानेवर चावले. चावतात आणि वर झोंबणारं पाणी सोडतात. दुकानदाराने औषधाची बाटली दिली आहे, ती घरात तशीच आहे.

बाबा त्या झाडांना कुणाला हात लावू देत नसत. "ते आपले राखणदार," एवढंच म्हणत. कशापासूनची राखण, हे मी कधी विचारलं नाही आणि आता विचारायला ते नाहीत. मोहोर फुटायला लागलाय, म्हणून घाई आहे. कुणाला माहीत असेल तर सांगा.

दोडामार्गचा बागायतदार:
बाय, बाटली अजून उघडू नको. आमच्याकडे त्यांना ओंबील म्हणतात. तुझे बाबा म्हणत ते खरं आहे, आणि राखण ढेकण्यापासूनची. डासासारखा दिसणारा, लांब पायांचा किडा. कोवळ्या पालवीत, मोहोराच्या दांडीत, कोवळ्या बीत सोंड खुपसून रस ओढतो. जिथे टोचतो तिथे काळा डाग पडतो, मग शेंडा वाळतो आणि मोहोर आगीने करपल्यासारखा दिसतो. ढगाळ हवा लागली की अजून वाईट.

मी एके वर्षी गड्यांच्या कटकटीला कंटाळून ओंबील मारली. पुढच्या हंगामात त्याच झाडांचा मोहोर काळा पडला, शेजारच्या ओंबीलवाल्या झाडांचा राहिला. तेव्हापासून मी हात लावलेला नाही.

तू एक कर. शनिवारी सकाळी हुमल्यांची पाच झाडं आणि बिनहुमल्यांची पाच झाडं घे. प्रत्येकाचे वीस शेंडे बघ, काळे डाग मोज, वहीत लिही. तुझी बाग तुला उत्तर देईल.

आणि बायकांचं म्हणशील तर रान सकाळच्या गारव्यात कापायचं, तेव्हा ओंबील सुस्त असते. आमचे गडी हातापायांना राख चोळतात. बोंडू, म्हणजे काजूची फळं, तर आपण पडलेलेच गोळा करतो, टोकाला खिळा लावलेल्या काठीने. झाडावर चढायचं कारण नाही. आंब्याच्या बागेत हे जड जातं, काजूत निभावतं.

पानफूल (वनस्पतीशास्त्र शिकवते, फोंडा):
यात झाडाचाही वाटा आहे, तो सांगते. हुमले काजूवर फुकट राबत नाहीत. काजूच्या कोवळ्या पानांवर, मोहोराच्या दांड्यांवर, अगदी वाढत्या बीवरसुद्धा बारीक मधुग्रंथी असतात. त्यांचा परागीभवनाशी संबंध नाही. झाड तिथे गोड रस पाझरतं आणि मुंग्या तो प्यायला सतत फिरत राहतात. ग्रंथी नेमक्या ढेकण्याला हव्या असलेल्या कोवळ्या भागांवर आहेत. जिथे धोका तिथेच मजुरी मांडलेली. भिंग घेऊन बघ, मला पहिल्यांदा दिसलं तेव्हा अंगावर काटा आला होता.

मला याहून मोठं नवल वाटतं ते असं: काजू मूळचा ब्राझीलचा, सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी इथे आणला. हुमले आपल्याकडचे. दोघांची गाठ पडून पाचशे वर्षंही झाली नाहीत आणि तरी करार जमला, कारण झाडाला कुठल्या एका जातीची मुंगी लागत नाही. जी रस पिईल आणि भांडेल ती चालते.

माणसाने हे ओळखल्यालाही फार काळ झाला. चीनमध्ये संत्र्या-मोसंबीच्या बागांसाठी याच मुंग्यांची घरटी पिशव्यांत घालून विकत, त्याची नोंद इसवी सन ३०४ च्या ग्रंथात आहे. उत्तर ऑस्ट्रेलियात काजूच्याच बागांत अभ्यास झाला आणि तिथेही मुंग्यांच्या झाडांवर ढेकण्याचं नुकसान कमी दिसलं.

हळदोणेकर:
दुसरी बाजूही लिहितो. हुमले झाडाचे नोकर नाहीत. ते पिठ्या ढेकूण आणि खवले किडेही पाळतात, कारण त्यांच्याकडूनही गोड पाणी मिळतं. ते किडे झाडाचाच रस पितात. शिवाय मोहोरावर हुमल्यांची गर्दी असली तर मधमाश्या बिचकू शकतात, आणि काजूचा पराग चिकट, तो वाऱ्याने जात नाही, माश्या हव्यातच. ताई, डाग मोजशील तेव्हा दुपारच्या आत मोहोरावर सातेरी माश्या येतात का तेही बघ. घरट्याशेजारच्या फांद्यांवर पांढरा कापूस दिसला, म्हणजे पिठ्या ढेकूण, तर तेवढी फांदी छाट. सगळं झाड फवारू नकोस.

डोंगरभाट:
सगळ्यांचे मनापासून आभार. दोन शनिवार मोजलं. हुमल्यांच्या पाच झाडांवर शंभर शेंड्यांत डाग असलेले ९. बिनहुमल्यांच्या पाचांवर ४१. सातेरी दोन्हीकडे होत्या, हुमल्यांकडे थोड्या कमी वाटल्या. पांढरा कापूस दोन फांद्यांवर सापडला, छाटला. बाटली परत केली.

बाबांचं ते एक वाक्य मी वीस वर्षं ऐकलं आणि कोयता घेऊन तिथे उभी राहिल्यावर मला ते समजलं. खूप वाईटही वाटलं.

आता उलटा प्रश्न: खालच्या झाडांवर हुमले नेता येतील का?

दोडामार्गचा बागायतदार:
येतील. झाडाझाडांना सुतळी बांध, तिच्यावरून ते आपणच जातात. पण आधी एक बघायचं. या झाडावरचे दोन-चार हुमले काडीवर घे आणि त्या झाडावरच्यांत सोड. भांडले नाहीत तर घर एकच, सुतळी बांध. तुटून पडले तर राण्या वेगळ्या. ती झाडं जोडलीस तर आठवडाभर नुसती लढाई होईल आणि राखण कुणीच करणार नाही. दोन घरांच्या मधली झाडं मोकळी ठेव, फांद्या एकमेकांना टेकत असतील तर छाट.

पानफूल:
जाता जाता, वाघळांनाही हाकलू नकोस. ती बोंडू उचलून दुसऱ्या झाडावर नेतात, रस चोखतात आणि बी खाली टाकतात. टरफलातलं तेल तोंड पोळतं, म्हणून बीला दात लावत नाहीत. मार्चमध्ये तुझ्या मोठ्या आंब्याखाली बघ, काजूच्या बियांचा सडा असेल.

डोंगरभाट:
आंब्याखालच्या त्या बिया! आई दर वर्षी टोपलीभर वेचायची, आम्हाला वाटायचं माकडं टाकतात. तिला आज फोनवर सांगते.

काडीचा प्रयोग रविवारी सकाळी केला. वरची अकरा झाडं एका घरची निघाली. ओढ्याकडची सहा दुसऱ्या घरची, तिथे लगेच जुंपली. मधली तीन सोडून सुतळी बांधते आहे.