विषय: लांबलेल्या आगीत अग्निशमन जवानांसाठी आणि पोलिसांसाठी आपण काय करायचं?

प्रेषक: मंडळाच्या सचिव

सप्रेम नमस्कार मंडळी,

गेल्या महिन्यातली गोदामाची आग दोन दिवस धुमसत होती. पहिल्या दोन तासांत मला पस्तीस फोन आले: "निघतोय, कुठे यायचं?" दुसऱ्या रात्री तीन वाजता पाण्याची खोकी उतरवायला आम्ही दोघीच होतो. शिवाय आपल्यातल्याच दोघांनी गाड्या अशा लावल्या की बंबाला मागे घ्यायला जागा उरली नाही. हे पुन्हा होता कामा नये. स्वयंसेवकांची कायमची यादी करायचं कार्यकारिणीच्या मनात आहे. काका, तुम्ही जरूर लिहा.

प्रेषक: काका

ताई, यादी कराच. पण त्याआधी अग्निशमन दलाच्या अधिकाऱ्यांना निवांतपणे भेटून या. आग लागल्यावर ओळखीपाळखी करून घ्यायला कोणाला वेळ नसतो. बोलावल्याशिवाय जायचं नाही, आणि गेल्यावर इन्सिडेंट कमांडर, म्हणजे त्या जागेची सूत्रं ज्याच्या हाती असतात तो अधिकारी, दाखवेल तिथेच मदतीचं टेबल मांडायचं. धुरापासून लांब, पण इतकंही लांब नको की दमलेला माणूस तिथवर येणारच नाही.

मी कॅन्टीनच्या गाडीवर बरीच वर्षं जातोय. लोकांना वाटतं, हे खाऊपिऊ घालायचं काम. खरं काम आहे तापलेलं शरीर निववायचं. कोट, हेल्मेट, पाठीवरचं सिलिंडर (त्यात प्राणवायू नसतो, दाबून भरलेली साधी हवा असते) मिळून वीस किलोच्या आसपास ओझं होतं. तो कोट बाहेरची धग आत येऊ देत नाही, तशी अंगातली बाहेरही जाऊ देत नाही. अमेरिकेत जवानांच्या ड्युटीवरच्या मृत्यूंचं सगळ्यात मोठं कारण ज्वाळा नाहीत, हृदय बंद पडणं आहे. म्हणूनच तिथल्या राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटनेच्या (एनएफपीए) मानकांत विसाव्याचा नियम आहे: ३० मिनिटांची २ सिलिंडरं संपली की किमान २० मिनिटं बसायचं.

माणूस टेबलाशी आला की खाणं पुढे करायच्या आधी हात, तोंड, मान पुसायला द्या. काजळी पोटात जाता कामा नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ मध्ये अग्निशामकाच्या कामाला कर्करोगकारक म्हणून पहिल्या गटात टाकलं आहे. मग कोट उतरवायचा, जाड विजार बुटांपर्यंत खाली सरकवायची आणि दोन्ही हात कोपरापर्यंत गार पाण्यात बुडवून बसायचं. त्यासाठी खास खुर्च्या मिळतात. नसल्या तर बादल्या चालतात.

एकदा एका पोराला बाटली दिली. ती हातात धरून तो नुसता बघत राहिला. बोटं इतकी आखडली होती की झाकण फिरेना, आणि सांगायचं त्याच्या जिवावर आलं होतं. तेव्हापासून सीलबंद बाटली समोर धरून मीच झाकण फिरवतो आणि मग हातात देतो.

नाडी, रक्तदाब बघणं वैद्यकीय पथकाचं काम. पण कोणी असंबद्ध बोलायला लागला, पाय लटपटले, ओकारी झाली, तर लगेच त्यांना हाक मारा. "मी बरा आहे" यावर विसंबू नका. आत काय झालं ते विचारायचं नाही. फोटो तर मुळीच काढायचे नाहीत.

प्रेषक: एक सभासद

काका, सगळं पटलं. पण यात पोलीस कुठेच नाहीत. माझे दीर पोलिसात आहेत. जवानाला विसाव्याला पाठवतात, बंदोबस्तावरच्या पोलिसाला मात्र नाका सोडता येत नाही. मागे एकदा ते बारा तास एका वळणावर गाड्या परत पाठवत उभे होते. मदतीचं टेबल तीनशे मीटरवर, डोळ्यांसमोर. तिथून कोणी आलं नाही आणि त्यांना जाता आलं नाही. पाणी तर ते मुद्दामच पीत नव्हते, कारण लघवीला जायचं तर जागेवर कोण उभं राहणार? घरी आले तेव्हा मोजे कातडीला चिकटले होते. जाऊबाई कोमट पाण्यात भिजवून सोडवत होत्या.

प्रेषक: काका

हे माझ्याकडून राहिलं, आणि राहायला नको होतं.

पोलिसांसाठी टेबल उपयोगाचं नाही, फेरी हवी. दोघांची जोडी, अंगात चमकपट्टीचं जाकीट, हातात नाक्यांची यादी. ती त्यांच्या अधिकाऱ्याकडूनच घ्यायची. दर दोन तासांनी फेरी मारायची आणि प्रत्येक नाक्यासमोर वेळ लिहायची. नाका आपण सांभाळायचा नाही, तो आपला अधिकार नव्हे. पण "अमुक वळणावरच्या माणसाला सहा तासांत सुट्टी मिळालेली नाही" हे परत येऊन अधिकाऱ्याला सांगितलं, तर तो बदली माणूस पाठवू शकतो. त्या कागदाची किंमत पाण्याइतकीच आहे.

आणखी एक. २००१ मध्ये न्यूयॉर्कचे मनोरे कोसळल्यावर शेजारच्या सेंट पॉल्स चॅपलमध्ये स्वयंसेवकांनी आठ महिन्यांहून जास्त काळ जवानांची, पोलिसांची, ढिगारा उपसणाऱ्या मजुरांची सोय केली. जेवण, झोपायला जागा, पायांवर उपचार करणारे डॉक्टर. माणसं बूट न काढताच बाकांवर आडवी व्हायची, लाकडावर ओरखडे उठले. इतके महिने ते चाललं, कारण मदत करणाऱ्यांच्याही पाळ्या लावलेल्या होत्या. आपल्याकडे पाळी चार तासांची ठेवा. पाळी संपली की घरी जायचं, कितीही थांबावंसं वाटलं तरी.

प्रेषक: मंडळाच्या सचिव

काका, धन्यवाद. दिरांचा अनुभव लिहिणाऱ्या ताईंचेही मनापासून आभार. नाक्यांच्या फेरीचं काम तुम्हीच बघाल का?

दलाच्या आणि पोलिसांच्या कार्यालयात भेटीची वेळ मागते आहे. त्यांनी होकार दिल्याशिवाय आपलं कोणी कुठेही जाणार नाही. गाड्या घटनास्थळी न्यायच्या नाहीत, सामानाची एकच गाडी जाईल. पाळ्यांचा तक्ता सोबत जोडला आहे. सकाळ-संध्याकाळचे रकाने काल रात्रीच भरले. रात्री २ ते ६ समोर सध्या एकटं माझं नाव आहे, आणि जोडीशिवाय जायचं नाही असं आत्ताच ठरलंय. दुसरं नाव कोणाचं लिहू?