मदत हवी आहे: खानापूरकडच्या खडीसाठी टूरिंग सायकलचे टायर, ३८ की ४२ मिमी रुंद?

नमस्कार मंडळी,

दिवाळीनंतर तीन दिवसांची फेरी काढायलोय. बेळगाव, जांबोटी, खानापूर, नंदगड, हलशीचं देऊळ, तिथनं कित्तूर आणि परत. जमेल तिथं डांबरी सोडून गावरस्त्यांनी. सायकल स्टीलची, ७०० सी मापाची चाकं, व्ही-ब्रेक (रिमला दोन्हीकडनं चिमटणारे), सध्या ३२ मिमीचे गुळगुळीत टायर. माझं वजन ७२, सायकल १५, सामान १४ किलो.

गेल्या महिन्यात सरावाला जांबोटीच्या अलीकडं आत वळलो आणि मागची हवा गेली. ट्यूब काढून बघतो तर शेजारी-शेजारी दोन चिरा, साप डसल्यासारख्या. ठिगळ लावलं. अर्ध्या तासात जांभ्या दगडाच्या कडेनं टायरची बाजूच फाडली. चीर नखाएवढी, पण त्यातनं ट्यूब फुग्यासारखी बाहेर डोकावायला लागली. दहाची नोट दुमडून आतनं लावली, निम्मी हवा भरली आणि रडत-रखडत घर गाठलं. नोट अजून आतच आहे.

दुकानदार म्हणतो, डोंगरी सायकलचे गोट्यांचे टायर घाला. पण निम्मी वाट डांबरी, तिथं ती घरघर कोण ओढणार? मला मॅरेथॉन प्लस (श्वाल्बेचा, आत जाड पट्टा असलेला टायर) घ्यावासा वाटतोय, पंक्चरच नको. मागच्या दांड्यांमध्ये जागा ५० मिमी. मडगार्ड ठेवलं तर ३८, काढलं तर ४२ बसेल असा अंदाज. मडगार्ड काढायला जीव होत नाही, कारण कित्तूरकडं काळी माती, आणि अवकाळीचा काय भरवसा. हवा किती ठेवू तेही सांगा.

प्रतिसाद, खानापूरकर:

दादा, तुमची दोन दुखणी वेगळी आहेत. दोन चिरा म्हणजे दगड आणि रिमच्या मध्ये ट्यूब चेपली. त्याला टायर रुंद हवा. बाजू फाटली त्याला मॅरेथॉन प्लसचा उपयोग नाही. त्याचा तो जाड पट्टा रस्त्याला टेकणाऱ्या भागाखाली असतो, बाभळीच्या काट्याला उत्तम, जांभ्याच्या कडेला नाही. शिवाय जड. बाजूला कापडाचा जादा थर असलेला आणि मधे जवळपास सलग नक्षी असलेला टायर बघा. गोटी नको, बरोबर आहे तुमचं.

आणि छापील आकड्यावर जाऊ नका. साध्या मॅरेथॉनवर ७०० x ३८ लिहिलेलं असतं, शेजारीच ४०-६२२, म्हणजे रुंदी आणि रिमचा व्यास, मिमीमध्ये. खरी रुंदी ती चाळीस. मडगार्ड ठेवून तो तुमच्या ५० मध्ये घासणार. मडगार्ड काढा, ४० घाला, दोन्हीकडं पाच-पाच मिमी राहतील. ४२ ला चारच, एक खडा अडकला की रंग गेला. काळ्या मातीचं म्हणाल तर ओली झाल्यावर मडगार्ड असलं तरी चाक जाम होतंच, उलट लवकर. पाऊस आला की गुमान डांबरी धरा.

हवा मागं ५०, पुढं ४० पीएसआयपासून सुरू करून बघा. टायरवर छापलेल्या हद्दीत राहा. रुंद टायर व्ही-ब्रेकमधनं काढताना आधी हवा सोडा, नाहीतर ओढत बसाल.

मूळ लेखक:

धन्यवाद. काल परत मोजलं, मडगार्डसकट ३५ च्या वर काही जात नाही. ४० चे मागवले. जुना टायर उतरवला तर नोट रबराला चिकटून बसलेली. सोडवताना फाटली.